पूर्वावस्थेत केंद्रकी आणि केंद्रकावरण ‘नाहीसे’ होते म्हणजे नेमके काय होते?

आपण यवतमाळ जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला जीवशास्त्र शिकवता, आणि आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. पेशीविभाजन पाहण्यासाठी कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड केली तेव्हा विद्यार्थ्यांनी मधल्या दोन अवस्था, म्हणजे गुणसूत्रे मध्यभागी रांगेत येतात ती मध्यावस्था आणि ती दोन टोकांकडे ओढली जातात ती पश्चावस्था, बरोबर ओळखल्या, पण विभाजनाची पहिली अवस्था, म्हणजे पूर्वावस्था, कोणती हे कोणालाच ठामपणे सांगता आले नाही. केंद्रकी (केंद्रकातील दाट गोल भाग) आणि केंद्रकावरण (केंद्रकाभोवतीचे आवरण) नाहीसे होते असे पुस्तकात लिहिले आहे, तर ती जातात कुठे? गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तुर्कतंतू प्राण्यांच्या पेशीत तारककेंद्रांपासून निघतात, पण कांद्याच्या पेशीत तारककेंद्रे नसतात, मग तुर्कतंतू कोण तयार करतो? आणि एका विद्यार्थिनीने विचारल्याप्रमाणे या अवस्थेत गुणसूत्रे 16 म्हणायची की 32? मी वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण महाविद्यालयात पेशीविज्ञान शिकवत आलो आहे. यातला प्रत्येक प्रश्न माझ्याही वर्गात विचारला जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

वरवर पाहता हे चार प्रश्न आहेत, पण मुळाशी अडचण एकच आहे. आपण पूर्वावस्था एखाद्या चित्रासारखी शिकवतो आणि त्या चित्राखाली घटनांची यादी देतो : गुणसूत्रे आखूड व जाड होतात, केंद्रकी जाते, आवरण जाते, तारककेंद्रे दूर सरकतात. या घटना एकामागून एक घडतात की बरोबरीने, आणि प्रत्येकीचे कारण काय, हे यादीतून कळत नाही. त्यामुळे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली ते एक चित्र शोधत बसतात, आणि ते सापडत नाही, कारण पूर्वावस्था हा बराच वेळ चालणारा बदल आहे आणि स्लाइडवर त्याच्या निरनिराळ्या क्षणी थांबलेल्या पेशी एकत्र दिसतात. दुसरे असे की ‘नाहीसे होणे’ हे वर्णन डोळ्यांना दिसते तेवढ्यापुरते खरे आहे. पेशी या काळात जवळजवळ काहीच नष्ट करत नाही. ती मोठी रचना सुट्या भागांत मोकळी करते, ते भाग सांभाळून ठेवते आणि विभाजन संपताना त्यांतील बहुतेक पुन्हा वापरते. हे एकदा मनात पक्के झाले की आपल्या चारही प्रश्नांची उत्तरे एकमेकांना जोडली जातात.

काही गोष्टी परिस्थितीनुसार बदलतात, त्या आधीच सांगतो. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या पेशींत तुर्क, म्हणजे तुर्कतंतूंची मांडणी, तयार होण्याची रीत वेगळी आहे. यीस्टमध्ये केंद्रकावरण विभाजनभर शाबूत राहते, आणि आपल्या गावतळ्याच्या हिरव्या पाण्यात सापडणाऱ्या युग्लीना या एकपेशीय सजीवात तर आवरणही टिकते आणि केंद्रकीही टिकून लांबट होत दोन भागांत विभागते. म्हणजे आवरण फुटल्याशिवाय विभाजन होऊच शकत नाही, असा काही नियम नाही. शिवाय कोणत्या क्षणाला पूर्वावस्था संपली म्हणायचे, याबाबत पुस्तकांमध्येही फरक असतो. काही पुस्तके आवरण फुटल्यानंतरच्या काळाला पूर्वमध्यावस्था असे वेगळे नाव देतात, काही तो काळ पूर्वावस्थेच्या अखेरीला जोडतात, तर काही मध्यावस्थेच्या आरंभाला. खाली जे लिहितो ते कांद्यासारख्या वनस्पतीला आणि आपल्यासारख्या प्राण्यांना धरून आहे, आणि आवरण फुटणे ही मी पूर्वावस्थेची शेवटची सीमा मानतो, कारण त्या क्षणी पेशीत खरोखरच मोठा फरक पडतो.

सुरुवात पूर्वावस्थेच्याही आधीपासून करायला हवी. डीएनएची प्रत काढण्याचे काम विभाजन सुरू होण्यापूर्वी, आंतरावस्थेतील (दोन विभाजनांमधील काळातील) एस टप्प्यात, पूर्ण झालेले असते. माणसाच्या एका पेशीतील डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे 2 मीटर भरते. कांद्याचा जनुकसंच माणसाच्या सुमारे पाचपट मोठा आहे, म्हणजे कांद्याच्या एका पेशीत 10 मीटरच्या आसपास डीएनए असतो, आणि प्रत काढून झाल्यावर तो दुप्पट होतो. हा सगळा धागा मिलिमीटरच्या काही शतांश व्यासाच्या केंद्रकात असतो आणि तो केवळ 16 गुणसूत्रांत वाटलेला असतो. म्हणूनच कांद्याची गुणसूत्रे इतकी ठळक दिसतात. आपल्या भागातील विद्यार्थी हमखास विचारतात की पऱ्हाटीचे मूळ का घेत नाही, ते तर शेतात हवे तितके मिळते. अमेरिकन कापसात 52 आणि देशी कापसात 26 गुणसूत्रे असतात, आणि त्यांचा एकूण डीएनए कांद्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, त्यामुळे प्रत्येक गुणसूत्र अगदी लहान दिसते आणि नवशिक्याच्या हाती काही लागत नाही.

आता पहिला बदल, म्हणजे संघनन. एवढ्या लांबीचे धागे एकमेकांत गुंतलेल्या अवस्थेत दोन टोकांना ओढले तर ते तुटतील, म्हणून ओढण्यापूर्वी प्रत्येक धागा स्वतंत्र, आखूड आणि हाताळता येईल असा करावा लागतो. धागा आंतरावस्थेतही अगदी मोकळा नसतो. हिस्टोन या प्रथिनांच्या आठ रेणूंच्या गाठोड्याभोवती डीएनएच्या शिडीसारख्या धाग्याच्या 147 पायऱ्या (आधारक-जोड्या) गुंडाळलेल्या असतात आणि अशा गुंडाळ्या धाग्यावर एकामागून एक असतात. पाठ्यपुस्तकांत यानंतर 30 नॅनोमीटर जाडीचा पीळदार तंतू, मग त्याहून जाड तंतू, अशी चढती पायरी दाखवतात. परीक्षानळीत तसा तंतू तयार करता येतो, पण जिवंत पेशीत गुणसूत्र सर्वत्र त्याच पायऱ्यांनी बनते याला पुरावा मिळत नाही. ज्याला पुरावा आहे ती रीत वेटोळ्यांची आहे. विहिरीचा लांब दोर आपला शेतकरी पंजा आणि कोपर यांच्यामध्ये फेऱ्यावर फेरा घेत गुंडाळतो, तेव्हा दोर कुठेही न तुटता, न गुंतता हातभर जुडीत मावतो. कंडेन्सिन नावाची प्रथिने डीएनएच्या बाबतीत जवळपास तेच करतात. ती धाग्याला एका जागी पकडतात आणि त्याला ओढत ओढत वेटोळे मोठे करत जातात.

तात्सुया हिरानो हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातून कंडेन्सिनचे संकुल वेगळे केले, आणि 2018 साली एक कंडेन्सिन रेणू डीएनएचे वेटोळे ओढताना प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला. त्याच वर्षी कोंबडीच्या पेशींवरील अभ्यासातून या कामाचा क्रमही स्पष्ट झाला. कंडेन्सिनचे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या क्रमांकाचा प्रकार केंद्रकातच असतो, म्हणून पूर्वावस्थेतील काम तो करतो आणि मोठी वेटोळी पाडतो. पहिल्या क्रमांकाचा प्रकार केंद्रकाबाहेर पेशीद्रव्यात असतो, आवरण फुटल्यावरच त्याला गुणसूत्रापर्यंत पोहोचता येते, आणि मग तो मोठ्या वेटोळ्यांच्या आत लहान वेटोळी पाडतो. पूर्वावस्थेतील गुणसूत्र लांब व बारीक आणि मध्यावस्थेतील आखूड व जाड का दिसते, याचे मोठे कारण इथे आहे. विद्यार्थ्यांना ही एक गोष्ट सांगितली तरी संघनन आणि आवरण फुटणे या दोन सुट्या घटना राहत नाहीत, आणि मला ती फार मोलाची वाटते.

संघननाबरोबरच एका गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रे, म्हणजे त्याच्या दोन प्रती, वेगळी दिसू लागतात. ती एस टप्प्यापासूनच शेजारी शेजारी असतात आणि कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेली असतात. प्राण्यांच्या पेशीत पूर्वावस्थेदरम्यान भुजांवरील बरीचशी कडी सुटतात, पण गुणसूत्रबिंदूजवळची (दोन अर्धगुणसूत्रे जिथे जोडलेली दिसतात त्या जागेजवळची) कडी एका संरक्षक प्रथिनामुळे पश्चावस्थेपर्यंत टिकून राहतात. पुस्तकातील इंग्रजी एक्ससारखी आकृती येते ती यामुळे. पूर्वावस्थेच्या आरंभी मात्र एकच धागा दिसतो, दोन नव्हेत, आणि आरंभीच्या आकृतीत विद्यार्थ्याने एक्स काढला असेल तर त्याने पाहून काढलेला नाही, पाठ करून काढला आहे, असे मी समजतो.

हे सगळे सुरू कोण करतो, हेही सांगायला हवे. सायक्लिन बी आणि सीडीके1 ही प्रथिनांची जोडी सक्रिय झाली की ती शेकडो प्रथिनांवर फॉस्फेटचे गट चढवते. कंडेन्सिनला कामाला लावणे, आवरणाचा सांगाडा सैल करणे, तुर्काच्या तंतूंची उलाढाल वाढवणे, या सगळ्यांमागे हाच संकेत असतो. हा शोध लागण्यापूर्वीच, 1970 साली, भारतीय वंशाचे पोटु नरसिंह राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी एक सुंदर प्रयोग केला होता. त्यांनी विभाजनात असलेली मानवी पेशी आणि आंतरावस्थेतील पेशी यांचा संयोग घडवून आणला. तेव्हा आंतरावस्थेतील केंद्रकाचे आवरण वेळेआधीच फुटले आणि त्यातील गुणसूत्रेही वेळेआधीच आखडली. ती पेशी प्रत काढण्याच्या आधीच्या टप्प्यात असेल तर एकेरी धागे दिसत, प्रत काढून झाल्यावरच्या टप्प्यात असेल तर दुहेरी धागे दिसत, आणि प्रत काढणे चालू असेल तर चुरा झाल्यासारखे तुकडे दिसत. विभाजनाचा संकेत पेशीद्रव्यात पसरणारा आहे आणि धागा दुहेरी होण्याचे काम पूर्वावस्थेच्या आधी झालेले असते, या दोन्ही गोष्टी या एकाच प्रयोगात डोळ्यांना दिसतात. वर्गात सांगण्यासाठी याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

केंद्रकीकडे येऊ. केंद्रकीला स्वतःचे पटल नसते. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमसाठी लागणारा आरएनए तयार करणारी जनुके ज्या जागी कामात असतात, तिथे जमलेला कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि त्यावर काम करणारी प्रथिने यांचा तो दाट समूह असतो. माणसात अशा जागा 13, 14, 15, 21 आणि 22 या क्रमांकांच्या गुणसूत्रांवर आहेत. पूर्वावस्थेत सीडीके1च्या संकेतामुळे या जनुकांचे वाचन थांबते. काम थांबले की समूह टिकून राहण्याचे कारणच उरत नाही आणि तो विरघळतो. त्यातील प्रथिनांचा काही भाग आखडलेल्या गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर थर होऊन बसतो, बाकीचा पेशीद्रव्यात पसरतो, आणि विभाजनाच्या शेवटी, अंत्यावस्थेत, वाचन पुन्हा सुरू झाले की त्याच जागांभोवती केंद्रकी पुन्हा उभी राहते. म्हणून ‘केंद्रकी जाते कुठे’ या प्रश्नाला ‘तिचे काम थांबते, म्हणून ती विखुरते, आणि तिचा काही भाग गुणसूत्रांवर स्वार होऊन दोन्ही कन्यापेशींत जातो’ असे उत्तर द्यावे. कांद्यात आणि बहुतेक वनस्पतींत केंद्रकी आवरणाच्या आधी दिसेनाशी होते, हा क्रम स्लाइड वाचताना फार उपयोगी पडतो.

केंद्रकावरण हे दोन पटलांचे असते आणि त्याचे बाहेरचे पटल आंतर्द्रव्यजालिकेशी, म्हणजे पेशीद्रव्यातील पटलांच्या जाळ्याशी, सलग असते. प्राण्यांत या पटलांना आतून लॅमिन या प्रथिनांच्या जाळीचा आधार असतो. वनस्पतींत लॅमिन नसते, पण तशाच कामाची वेगळी प्रथिने असतात. पूर्वावस्थेच्या शेवटी आधी केंद्रकछिद्रांची संकुले सुटी होऊ लागतात, त्यामुळे आतबाहेरचा बंदोबस्त ढिला पडतो आणि एरवी आत न येणारी प्रथिने केंद्रकात शिरतात. लॅमिनवर फॉस्फेट चढले की जाळीचे धागे सुटे होतात. हे 1980 साली दाखवले गेले. प्राण्यांच्या पेशीत याच सुमारास बाहेरचे तंतू आवरणाला तारककेंद्रांच्या दिशेने खेचतात आणि ताण पडलेल्या जागी ते फाटते. फाटलेले पटल कुठेही वाया जात नाही. ते आंतर्द्रव्यजालिकेत सामावते, आणि अंत्यावस्थेत तिथूनच नवीन आवरण गुणसूत्रांभोवती चढते.

इथे पुस्तकातील आणखी एका वाक्याकडे लक्ष वेधतो. पूर्वावस्थेच्या अखेरीला पेशीत गॉल्जीपिंड आणि आंतर्द्रव्यजालिका दिसत नाहीत, असे अकरावीच्या काही पुस्तकांत लिहिले आहे. ‘दिसत नाहीत’ हे साध्या सूक्ष्मदर्शकापुरते ठीक आहे, पण विद्यार्थी त्याचा अर्थ ‘नसतात’ असा घेतात. प्राण्यांच्या पेशीत गॉल्जीपिंडाचे लहान तुकडे होतात. वनस्पतींत तो विभाजनभर कामात राहतो, आणि राहायलाच हवा, कारण दोन कन्यापेशींमधील नवी भिंत ज्या पुटिकांपासून (पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांपासून) बनते त्या गॉल्जीपिंडच पुरवतो. आंतर्द्रव्यजालिका दोन्हीकडे टिकते, फक्त तिची मांडणी बदलते.

आता तारककेंद्रे. प्राण्यांच्या पेशीत त्यांची प्रत एस टप्प्यातच निघते. पूर्वावस्थेत ती दुप्पट होतात असे लिहिणे बरोबर नाही. पूर्वावस्थेत त्यांच्या जोड्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात. हे ढकलण्याचे काम दोन तंतूंना विरुद्ध दिशांना सरकवणारे एक प्रथिन करते. तारककेंद्रांच्या भोवतीच्या द्रव्यातून सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांचे पोकळ तंतू, फुटतात आणि त्यांचाच पुढे तुर्क होतो. तरीही तुर्कासाठी तारककेंद्र अत्यावश्यक नाही. याचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे आपण स्लाइडवर ठेवलेला कांदा. कांद्याच्या पेशीत सूक्ष्मनलिकांची सुरुवात केंद्रकाच्या पृष्ठभागावरून आणि आधीच्या नलिकांच्या अंगावरून होते. पूर्वावस्थेत त्या केंद्रकाभोवती जमतात, हळूहळू दोन टोकांकडे गोळा होतात, आणि आवरण फुटण्याच्या आधीच केंद्रकाच्या दोन्ही बाजूंना टोपीसारखी दाटी तयार झालेली असते. नलिका बनवणारे मूळ प्रथिन आणि नलिका फुटण्याची सुरुवात करून देणारा त्या प्रथिनाचा भाऊबंद, हे दोन्ही प्राण्यांत आणि वनस्पतींत आहेत. फक्त वनस्पतींत ते एका ठरावीक गोळ्यात एकवटलेले नसतात. त्यामुळे वनस्पतींचा तुर्क टोकांना निमुळता न होता बोथट, पिंपासारखा दिसतो.

वनस्पतींत याच काळात आणखी एक घटना घडते, आणि तिचा उल्लेख शालेय पुस्तकांत क्वचितच येतो याची मला खंत आहे. पूर्वावस्थेच्या थोडे आधी पेशीभित्तीच्या आतल्या बाजूला सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा केंद्रकाला वेढून उभा राहतो. पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट या शास्त्रज्ञांनी 1966 साली गव्हाच्या पेशींत तो दाखवला. आवरण फुटते त्या सुमारास हा पट्टा मोडतो, पण पुढे नवी भिंत बरोबर त्याच रेषेत येऊन जुन्या भिंतीला मिळते. म्हणजे पेशी कुठे कापली जाणार, हे वनस्पती गुणसूत्रे रांगेत येण्याच्याही आधी ठरवते. प्राण्यांच्या पेशीला येतो तसा वनस्पतीच्या पेशीला नंतर आकार बदलता येत नाही, भिंत एकदा उभी राहिली की कायमची, त्यामुळे हा निर्णय लवकर घेणे तिला भाग असते. साध्या रंगाने हा पट्टा दिसत नाही, पण तुकडी हुशार असेल तर जरूर सांगावा.

इथवरचा क्रम एका दमात सांगायचा तर असा : प्रत आधीच निघालेली असते, संकेत मिळतो, केंद्रकाच्या आत धागे आखडू लागतात आणि बाहेर तुर्काची जुळवाजुळव सुरू होते, हे दोन्ही बरोबरीने, जनुकांचे वाचन थांबते आणि केंद्रकी विरघळते, शेवटी आवरण सुटे होते, बाहेरचा कंडेन्सिन आत येतो आणि तुर्कतंतूंना गुणसूत्रबिंदूंपर्यंत वाट मिळते.

आता स्लाइडबद्दल, कारण आपली खरी अडचण तिथेच आहे. पूर्वावस्था ओळखता न येण्याचे कारण बहुतेक वेळा विद्यार्थ्यांचे डोळे नसून मुळांची स्थिती असते. आपल्याकडे मुळे चांगली फुटण्यावर तापमानाचा मोठा परिणाम होतो. एप्रिल-मे महिन्यांत, पारा 44-45 अंशांवर असताना, पाण्यावर ठेवलेला कांदा खालून सडतो आणि मुळे फुटली तरी टोके तपकिरी होतात. प्रयोग हिवाळ्यात घ्यावा, किंवा पावसाळ्यात वर्ग सुरू झाल्यावर, कांदे माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवून. जुनी वाळलेली मुळे ब्लेडने खरवडून काढावीत, कांद्याचे बूड पाण्याला जेमतेम टेकेल असे ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. मुळे 2-3 सेंटिमीटर झाली की सकाळी, सूर्योदयानंतर साधारण दोन तासांनी, टोके कापून लगेच 3 भाग इथेनॉल आणि 1 भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल यांच्या मिश्रणात टाकावीत. 24 तासांनी ती 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली की पुढे बरेच दिवस वापरता येतात. कॉलेज सकाळी अकराला भरत असेल तर टोके घरीच कापून मिश्रणात घालून आणावीत, वर्गात कापू नयेत. रंगवताना वॉच ग्लासमध्ये एक थेंब सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काही थेंब ॲसिटोकार्मिन किंवा ॲसिटो-ऑर्सिन घेऊन स्पिरिट लॅम्पवर हलके गरम करावे, उकळू देऊ नये. मग टोकाचा फक्त 2-3 मिलिमीटरचा गडद रंगलेला भाग घ्यावा. त्यामागचा फिकट भाग घेतला तर लांबट, विभाजन थांबलेल्या पेशीच दिसतात. निम्म्या स्लाइड इथेच बिघडतात, असा माझा अनुभव आहे.

स्लाइड नीट जमली की मोठ्या भिंगाखाली एकेका केंद्रकावर थांबून पाहायला लावावे. आंतरावस्थेतील केंद्रक सारख्या रंगाचा, बारीक दाणेदार दिसतो, आणि त्यात एक किंवा अधिक फिकट गोल जागा असतात, त्या केंद्रकी. आरंभीच्या पूर्वावस्थेत केंद्रक थोडा फुगलेला असतो, दाण्यांऐवजी बारीक धाग्यांचे जाळे दिसते, फोकसचा स्क्रू किंचित मागेपुढे केला की एक धागा वरून खाली जाताना दिसतो, आणि फिकट गोल अजून तिथेच असतो. मी विद्यार्थ्यांना धागे बघायला सांगत नाही, दोन धाग्यांमधील मोकळी जागा बघायला सांगतो. ती जागा स्वच्छ दिसू लागली की पूर्वावस्था सुरू झाली असे खुशाल म्हणावे. मधल्या टप्प्यात धागे जाड होतात आणि फिकट गोल पुसट होत जातो. अखेरच्या टप्प्यात गोल गेलेला असतो, धागे आखूड व ठळक असतात, काहींची दुहेरी कड दिसते, पण सगळ्यांचा मिळून बाहेरचा आकार अजून गोलच असतो. आवरण या रंगाने दिसत नाही, पण गुणसूत्रे एका गोल हद्दीत दाटीने बसलेली आहेत यावरून ते शाबूत आहे, किंवा नुकतेच सुटले आहे, असे अनुमान करता येते. गुणसूत्रांची टोके त्या गोलाबाहेर वेडीवाकडी आलेली दिसली की पूर्वावस्था संपली.

आरंभीची पूर्वावस्था आणि आंतरावस्था यांच्या सीमेवरील काही पेशींबद्दल अनुभवी माणसांतही मतभेद होतात. अशा पेशी कोणत्या गटात धरायच्या हे मोजणी सुरू करण्यापूर्वी वर्गाने मिळून ठरवावे, एवढेच करता येते. मोजणी मात्र जरूर करावी. विभाजनातील पेशींत पूर्वावस्थेच्या पेशी सर्वाधिक भरतात, आणि मुळाच्या टोकातील पेशी एकाच वेळी विभाजित होत नसल्यामुळे, जी अवस्था जास्त पेशींत दिसते ती जास्त वेळ चालते, हा निष्कर्ष विद्यार्थी स्वतः काढू शकतात.

आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर : पूर्वावस्थेत कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे 16 आणि अर्धगुणसूत्रे 32. गुणसूत्रे मोजताना गुणसूत्रबिंदू मोजायचे. दोन अर्धगुणसूत्रे एका जागी बांधलेली आहेत तोवर ती एक गुणसूत्र धरतात, आणि पश्चावस्थेत ती सुटली की त्या पेशीत थोड्या काळासाठी 32 गुणसूत्रे असतात. डीएनएचे प्रमाण मात्र एस टप्प्यातच दुप्पट झालेले असते. संख्या आणि प्रमाण या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी दुप्पट होतात, तिथेच मुले अडखळतात, म्हणून फळ्यावर दोन वेगळे रकाने करून हे भरून घ्यावे. ही 16 संख्या पूर्वावस्थेत प्रत्यक्ष मोजायला मात्र सांगू नका, कारण धागे लांब आणि एकमेकांवर आलेले असतात. मोजायचीच असेल तर मुळे मिश्रणात घालण्यापूर्वी काही तास पॅराडायक्लोरोबेंझिनच्या संपृक्त द्रावणात ठेवावीत. त्यामुळे तुर्क बनत नाही आणि आखूड, विखुरलेली गुणसूत्रे मिळतात. कोल्चिसिनही हेच काम करते, पण ते विषारी आहे, आणि पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणाच्या कडेला फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात ते असते हे माहीत असलेला एखादा उत्साही विद्यार्थी कंद उकरून आणू शकतो. त्याला आधीच ठामपणे मना करावे.

आकृत्यांमध्ये आणखी एक चूक वारंवार दिसते : पूर्वावस्थेत समजात गुणसूत्रांच्या (एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेल्या सारख्या गुणसूत्रांच्या) जोड्या शेजारी शेजारी काढलेल्या असतात. मुळाच्या टोकात सूत्री विभाजन चालते, त्यात अशा जोड्या जुळत नाहीत आणि देवाणघेवाणही होत नाही. ते जननपेशी तयार होतानाच्या अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या पूर्वावस्थेत घडते आणि पाहायचे असेल तर कांद्याची कोवळी फुलकळी घ्यावी लागते. परीक्षेच्या उत्तरात अवस्थांची नावे आणि सीमा नेमलेल्या पुस्तकाप्रमाणेच लिहायला सांगावे, कारण तपासणाऱ्यासमोर तेच पुस्तक असते. पण ‘नाहीसे होते’ याच्या पुढे ‘सुटे होऊन पेशीतच राहते’ एवढे शब्द विद्यार्थ्याने स्वतः जोडले, तर त्याचा एकही गुण कापला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.